चिंचेनं घासलेला देव

आमचा मेक्सिकन साहेब लीव्हवर स्पेनला निघाला आणि जाताना इथे आखातात, रिफा भागातल्या त्याच्या घरी बोलावून माझ्या हातात एक पेटी ठेवली. आत हिरव्या दगडाचा वीतभर माणूस. लांबट डोकं, ओठ खाली वळलेले, रडायच्या बेतातल्या मुलासारखे. "आजोबांना शेतात सापडला. हजारो वर्षांपूर्वी ओल्मेक लोक असे पुतळे विधी करून जमिनीत पुरत. पुढच्या महिन्यात आमच्या म्युझियमला परत करतोय. सांभाळ."

माझा व्हिसा त्याच्याच सहीवर अडला होता. त्यानं हत्ती दिला असता तरी मी बाल्कनीत बांधला असता.

नुसतं सांभाळायचं होतं. पण साहेब परतायच्या दिवशी मला दगडाच्या खाचांत लालसर मळ दिसला. गणपतीआधी पितळेचे देव घासायचं काम लहानपणापासून माझंच. चिंच भिजवली, जुना टूथब्रश घेतला, लख्ख केला. मग मोबाइलवर सहज वाचलं: पुरताना अशा पुतळ्यांना लाल भुकटी लावत. विधीची तीच खूण.



"अहो, साहेबाचा देव धुतलात?" बायकोनं टूथब्रश उचलून पाहिला.

"मळ होता गं."

"तीन वर्षांत पंखा पुसला नाहीत घरातला!"

तेवढ्यात साहेबाचा मेसेज: विमानतळावरून निघालो, थेट तुझ्याकडे येतो. मी देव्हाऱ्यातलं कुंकू घेऊन खाचांत भरलं. घाईत निम्मं दगडाच्या नाकात गेलं. आणि डोळ्यांदेखत लालाचं पिवळं होऊ लागलं. गावाहून आणलेलं हळदीचं अस्सल कुंकू. चिंचेचा आंबटपणा लागला की पुन्हा हळद! कावीळ झालेला तो दगड माझ्याकडे बघत असतानाच बेल वाजली.

साहेबानं तो उचलला, वास घेतला. "धुतलास?"

"धुतला."

"खलास," तो म्हणाला. इथे गाडी बंद पडली तरी लोक खलास म्हणतात. पण तो इतक्या हळू म्हणाला की नोकरी, व्हिसा, पोरीची शाळा, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

"काय काय लावलंस ते लिही. म्युझियम विचारेल."

मी इंग्रजीत लिहिलं: चिंच, टूथब्रश. कुंकवापाशी अडलो.

"पवित्र लाल पावडर लिहा," बायको कुजबुजली.

साहेबानं कागद वाचला, मग पिवळ्या दगडाकडे पाहिलं. "लाल?"

मी कंसात लिहिलं: आता पिवळी. व्हिसाचं विचारायची छातीच झाली नाही. माझी सही घेऊन, पेटी पोटाशी धरून तो निघाला. दारात थांबला.

"उद्या ऑफिसला ये," तो म्हणाला. "पण माझ्या टेबलावरचं काही पुसू नकोस."