अप्पांची सुनावणी

कायद्याच्या पहिल्या वर्षाला मला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती शब्दांची. विषय अगदीच कळत नव्हता असं नाही. सर इंग्रजीत शिकवत, पण उदाहरणं मराठीत देत, आणि उदाहरण कळलं की त्यामागचा नियमही थोडाफार कळायचा. अडायचं ते स्वतःच्या तोंडानं बोलायची वेळ आली की. अल्ट्रा व्हायरीज. परपेच्युअल सक्सेशन. क्वासाय-ज्युडिशियल. भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत हे मोठ्यानं म्हणायला मला लाज वाटायची. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. मी पुस्तक वाचायला लागलो की आई, आमची अव्वा, भाकरी थापता थापता हात थांबवायची आणि माझं संपेपर्यंत तशीच बसून राहायची. तिच्या त्या आदरानं मला आणखीच अवघडायला व्हायचं.

म्हणून मी खाली गिरणीत जाऊन बसायचो. आमच्या खोल्यांच्या खालीच वडिलांची, अप्पांची, पिठाची गिरणी होती. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. रेशनची तांबडी मिलो ज्वारी दळायला येणं बंद होऊन डब्यांतून पुन्हा पांढरा शाळू दिसू लागला होता. एकदा मोटर सुरू होऊन पट्टा फिरायला लागला की शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू यायचं नाही. मी कोपऱ्यात रिकाम्या पोत्यावर बसायचो आणि खच्चून म्हणायचो. चुकलं तरी ऐकतंय कोण?

अप्पा ऐकत होते. इतकी वर्षं त्या घरघरीत काढल्यावर त्यांना तिच्या आडचं सगळं ऐकू यायचं, डब्यात खडा वाजला तरी कळायचं. एक दिवस मोटर बंद करून त्यांनी आमच्या कन्नड घरातली लाडाची हाक मारली, "तम्मा, ते कंपनीचं काय म्हणत हुतास?"

"कंपनी म्हणजे कायद्यानं एक माणूसच, अप्पा. तिची मालमत्ता वेगळी, सही म्हणून शिक्का वेगळा. भागधारक मेले तरी ती मरत नाही."

"जेवती का?"

"नाही."

"मग बरं हाय की तिचं!" ते हसले तसं भुवयांवरचं पीठ खाली सांडलं. "आन् आपली गिरणी?"

"ती कंपनी नाही. परवाना तुमच्या एकट्याच्या नावावर आहे."

"म्हंजे मी हाय तवर ती हाय." पुन्हा मोटर सुरू करता करता म्हणाले, "लई भारी शिकतोस बघ. एकदा कुटं तरी बोल की ह्ये, चार लोकांत. आमाला ऐकू दे."

पावसाळा संपता संपता नोटीस आली. परवान्यात संध्याकाळी सहापर्यंतची वेळ असताना गिरणी आठपर्यंत चालते, अशी शेजारच्या रहिवाशाची तक्रार आहे, तर परवाना का रद्द करू नये याचं कारण दाखवा. समोरच्या घरात एक नवा भाडेकरू आला होता. कापडाच्या मिलमध्ये रात्रपाळीला जायचा आणि कामावर जाण्याआधी संध्याकाळी झोपायचा. तक्रार त्याचीच असणार, हे सगळ्यांना कळलं.

खरं सांगायचं तर नोटीस हातात घेतली तेव्हा मला काळजीच्या आधी आनंद झाला. शो कॉज. पुस्तकातला शब्द आमच्या दारात आला होता. मी सरांना जाऊन भेटलो. त्यांनी दोन मुद्दे सांगितले. उत्तराला पुरेशी मुदत दिलेली नाही, आणि तक्रारीची नक्कल जोडलेली नाही. त्यावरून मी एक पानभर इंग्रजी लिहून काढलं. नॅचरल जस्टिस. रीझनेबल अपॉर्च्युनिटी ऑफ बीइंग हर्ड. अप्पांनी काय ते विचारलं. मी म्हणालो, "तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय ते परवाना काढू शकत नाहीत."

"असा कायदा हाय?" त्यांचा विश्वासच बसेना. "सायबानं माझं ऐकायचं?"

"ऐकावंच लागतं."

त्या आठवड्यात अव्वा मला एकदा म्हणाली, "तुझे अप्पा डबे भरता भरता एकटेच बडबडत्यात रे. कन्नडमधी. मधीच मराठी." मी हसून सोडून दिलं. माझं पान पाठ व्हायचं होतं.

सुनावणीच्या दिवशी अप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं. कानाच्या पाळीमागं थोडं पीठ राहिलंच होतं. कचेरीतले साहेब सौम्य होते, वयानं अप्पांएवढेच. म्हणाले, "बसा. काय सांगायचंय ते मोकळेपणानं सांगा."

अप्पा उठून उभे राहिले, टोपी काढली. त्यांचे ओठ हललेले मला दिसले. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि टोपी परत घातली.

"सायेब, माजा पोरगा वकिलीचं शिकतोय. त्यो सांगंल."

मी हळूच म्हणालो, "अप्पा, आधी तुम्ही सांगा."

"न्हाई न्हाई. तू सांग. इंग्रजीत सांग."

मी सांगितलं. एकही शब्द अडला नाही. साहेबांनी मध्ये तोडलं नाही. लिहून घेतलं आणि म्हणाले, "नक्कल मिळायला हवी होती, बरोबर आहे. ही घ्या. वाचायला वेळ हवा असेल तर पुढची तारीख देतो."

मी अप्पांना विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. गिरणी बंद ठेवून आले होते, बायका डबे ठेवून गेल्या होत्या.

"मग मूळ मुद्द्याचं बोलू," साहेब म्हणाले. "सहानंतर गिरणी चालते का?"

माझ्या पानात यावर काहीच नव्हतं. अप्पाच म्हणाले, "चालती, सायेब."

"त्याबद्दल आणखी काही सांगायचंय?"

अप्पांचा चेहरा उजळलेला होता. माझ्याकडं हात करून ते म्हणाले, "समदं सांगितलंय की त्यानं!"

तेव्हा मला कळलं नाही. मला वाटलं, त्यांच्याकडं सांगण्यासारखं काही उरलं नसेल.

निकाल सभ्य भाषेत आला. परवानाधारकाचे म्हणणे पूर्णपणे ऐकून घेण्यात आले. परवाना कायम, मात्र सहानंतर गिरणी चालवल्यास तो रद्द होईल. मी वाचून दाखवलं. अप्पांनी विचारलं, "आपलं ऐकलं, असं लिवलंय न्हवं?"

"व्हय."

"ऐकूनबी न्हाईच म्हणाले तर काय करायचं." असं म्हणून त्यांनी कागद देवाच्या फळीवर ठेवला.

त्याच दिवशी सहा वाजता त्यांनी पट्टा उतरवला. थोड्या वेळानं विड्या वळणाऱ्या बायकांपैकी एक डबा घेऊन आली. दिवसभर वळलेल्या विड्या कारखान्यात मोजून द्यायच्या आणि मग दळण घेऊन इकडं यायचं, हा या बायकांचा रोजचा क्रम. गिरणी बंद बघून ती म्हणाली, "काय मामा, आज जावई आला काय घरी?"

अप्पांनी तिला पायरीवर बसवलं आणि सांगायला लागले. मी आत पोत्यावर होतो.

"सातच्या आत तुमी कुटल्या येताय? सहाला बंद केलं तर तुमच्या चुली कशा पेटायच्या? म्हणून मी त्या समोरच्या मिलवाल्याकडं गेलो हुतो. त्याच्या आईसंगं बोललो. मोटरीखाली टायरचं रबर बसवलं, हादरा कमी झाला. त्यो म्हणाला, साडेसातपातूर चालवा, माजी हरकत न्हाई. सायबाकडं येऊन सांगतोबी म्हणाला."

कन्नड आणि मराठी मिसळून ते किती नेटकं बोलत होते. कुठून सुरू करायचं, कुठं थांबायचं, सगळं ठरवलेलं. अव्वानं ऐकलेली बडबड हीच होती.

"मग हे सायबाला सांगितलं नाही होय?" बाई म्हणाली.

"सांगितलं की. पोरानं सांगितलं. ताडताड, इंग्रजीत. सायेब नुसता बघत राह्यला!"

तिनं आत माझ्याकडं कौतुकानं पाहिलं, डबा उचलला आणि उशिरापर्यंत चालणाऱ्या दूरच्या गिरणीकडं गेली.

अपील करायला मुदत होती. मी अर्ज लिहायलाही घेतला. पण त्यात नवं कारण घालायचं तर अप्पांना सांगावं लागलं असतं, की तुमचं म्हणणं त्या दिवशी कुणी सांगितलंच नाही. ते गिऱ्हाइकांना, गावाकडच्या, मैंदर्गीच्या पाहुण्यांना, ज्याला त्याला माझ्या इंग्रजीचं सांगत होते. मुदत गेली. संध्याकाळची गिऱ्हाइकं हळूहळू तिकडचीच झाली, मग त्यांची सकाळचीही दळणं तिकडंच जायला लागली.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. संध्याकाळी अजूनही गिरणीतच वाचत बसतो, पण मनातल्या मनात. पट्टा उतरवलेला असतो, अप्पा दाराशी रिकाम्या डब्यावर बसलेले असतात. परवा त्यांनी वळून विचारलं, "हल्ली मोठ्यानं का म्हणत न्हाईस रे?"

मी पुस्तकाचं पान उलटलं.

"म्हण की," अप्पा म्हणाले. "आता तर नीट ऐकू येतंय."