नवव्या दरवाजाची मूठ

बिल्डिंगमध्ये बोलवा आहे की माझ्या मामाला भूतबाधा झालीय. पुरावा? त्याच्या घरात दोन वस्तू एकसारख्या नाहीत. चार खुर्च्या, चारही वेगळ्या. कपाचा बशीशी काडीचा संबंध नाही. "जोडी दिसली की त्यांना काहीतरी होतं म्हणे!" असं खालच्या काकू डोळे वटारून सांगतात.

भूतबीत काही नाही. मामा भयपटांच्या सेटवरचा सुतार. तीस वर्षं तो एकाच साच्याचे दरवाजे ठोकतोय, कारण लांबलचक बोळात सगळं सारखंच दिसत राहिलं की बघणाऱ्याचा जीव आपोआप कासावीस होतो. घरी आल्यावर पुन्हा तेच त्याला बघवत नाही, एवढंच.

गेल्या आठवड्यात सेटवरच्या बोळात एका ओळीत बारा दरवाजे होते. दिग्दर्शक नाकातून म्हणाला, "मामाऽ, सुरेख हो, पण भीती नाही वाटत. हॉस्टेल वाटतंय! चारपर्यंत बघा, नाहीतर कॉम्प्युटरवाले करतील."

कॉम्प्युटरवाले एकदा आले की सुताराला पुन्हा फोन येत नाही. ओळखीतले दोघे असेच घरी बसलेत. मामाने बाराही मुठी काढल्या आणि काळ्या, बारीक मुठी बसवायला घेतल्या. टेप तो वापरत नाही. ताठ उभं राहायचं, कोपर टेकेल तिथे मूठ. नववी बसवता बसवता पाठीने संपच पुकारला. पाच मिनिटं जमिनीवर आडवा पडला, मग उरलेल्या तीन बसवल्या.

सेट तपासायची त्याची रीत ठरलेली. चहावाल्याला किटली देऊन आत पाठवायचं. तो रमतगमत गेला तर मेहनत पाण्यात.

चहावाला शीळ घालत निघाला. नवव्या दरवाजाशी शीळ थांबली. पुढचे तीन दरवाजे त्याने जवळजवळ पळतच ओलांडले. "एसी फार लावलाय का हो?"

एसी बंद होता.

मामाने नवव्या मुठीला कोपर लावून पाहिलं. मूठ दोन बोटं खाली. पाठ वाकली होती, तिच्यासोबत कोपरही. त्याने स्क्रूड्रायव्हर काढला, क्षणभर थांबला आणि परत खिशात घातला.

चार वाजता दिग्दर्शक काटा आलेले दंड चोळत बोळातून बाहेर आला. "केलंत काय, मामा?"

"काम," मामा म्हणाला आणि पेटीवर बसला. कॉम्प्युटरवाल्यांचं नाव पुन्हा निघालं नाही.

घरी त्याने मला एवढंच सांगितलं, "एक चूक राहिलीय. तुला सापडायची नाही."

"मला? एका फेरीत सांगते!" अस्मादिकांनी पैज लावली. हरणाऱ्याने आठवडाभर मामाच्या पाठीला बाम चोळायचा.

दुसऱ्या दिवशी सेटवर एक सोडून तीन फेऱ्या झाल्या. दिवा? "अंहं." भिंतीचा कागद? "अंहं." फरशी? मामाने जांभई दिली, नवव्या दरवाजाशी जाऊन ताठ उभा राहिला आणि कोपर मुठीच्या वर हवेतच ठेवलं.

आज बामाचा चौथा दिवस. मामा पालथा पडलाय, डोळे मिटलेले.

"जरा खाली," तो पुटपुटतो. "अजून दोन बोटं."