श्यामसुंदर आठल्यांचं उझेस

फ्रान्सच्या दक्षिणेत उझेस नावाचं बाजाराचं जुनं गाव आहे. श्यामसुंदर आठल्ये तिथे उभ्या आयुष्यात एकच दिवस जाऊन आले, आणि पुढची सहा वर्षं त्यांनी ते गाव बायकोच्या डोक्यावर आपटलं. आठल्ये कलकत्त्यात गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत साहेब. एकोणसत्तर साली खात्याने त्यांना विजेची इंजिनं शिकायला धाडलं होतं. एका शनिवारी कुणीतरी त्यांना बसमध्ये घालून उझेसला नेलं. कमानींखालचा बाजार, ड्यूकचा वाडा, खिडक्याखिडक्यांचा गोल मनोरा, एवढं बघून संध्याकाळी परत. काशी करून आलेला माणूससुद्धा इतकी वर्षं गंगा सांगत नाही.

वृंदाबाई तीन पिढ्यांच्या कलकत्तेकर, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. उझेस नकाशात कुठे आहे हे त्यांना नवऱ्याच्या आधीपासून ठाऊक होतं, पण त्यांना विचारतो कोण? पाहुणे आले की आठल्ये म्हणत, हिचा जन्म गेला बेहालाच्या बाजारात, हिला काय कळणार बाजार म्हणजे काय ते. वृंदाबाई चहाचे कप उचलून आत जात. राग गिळायचा, एवढंच त्या करत आल्या होत्या.

गंमत म्हणजे घराजवळच्या त्या बेहालाच्या बाजारात रोज सकाळी जायचे ते आठल्येच. शेजारच्या बंगाली बाबूंचं पाहून जडलेली सवय. पिशवी घेऊन निघायचे, वांगं न् वांगं दाबायचे, आंबा न् आंबा हुंगायचे, भाजीवाला वैतागून ओरडला की घरी येऊन सांगायचे की उझेसला कुणी आवाज चढवत नाही.

पंचाहत्तर साली खात्याने त्यांना पुन्हा पाठवलं. शाळेला सुट्टी होती. वृंदाबाई म्हणाल्या, मी माझ्या पैशाने येते. आठल्ये आठ दिवस घुम्यासारखे बसले. एकट्याच्या मालकीचं गाव बायको बघणार, हे त्यांना पचेना. उझेसच्या बसमध्ये त्यांनी बायकोला धडे दिले. घासाघीस करायची नाही, वर काही मागायचं नाही, मी करीन तसं करायचं.

गाव खरंच देखणं होतं. वृंदाबाई मनात कबूल झाल्या, आणि याचाही त्यांना रागच आला. खरबुजांच्या एका ठेल्यापाशी आठल्ये थांबले, मी घेताना फोटो काढ म्हणाले, आणि कामाला लागले. पहिलं खरबूज देठाशी अंगठ्याने दाबलं, हुंगलं, ठेवलं. दुसरं. तिसरं. चौथं नाकाशी नेलं तेव्हा ठेलेवाल्या म्हातारीने त्यांचं मनगट पकडलं. वृंदाबाईंचं बोट कॅमेऱ्यावर होतंच, ते दाबलं गेलं.

म्हातारी काय बोलली ते दोघांनाही कळलं नाही, पण कळायचं ते कळलं. मग ती वृंदाबाईंकडे वळली आणि खुणेने विचारू लागली: कधी खाणार, आज की उद्या? वृंदाबाईंनी खुणेनेच आज म्हणून सांगितलं. म्हातारीने स्वतः हुंगून एक निवडून दिलं, वर कोथिंबिरीसारख्या कसल्याशा पाल्याची जुडी ठेवली, न मागता. तिथली रीत तीच होती. गिऱ्हाइकाने वेळ सांगायची, फळ विकणाऱ्याने निवडायचं. आठल्यांनी सहा वर्षं ज्या बाजाराचे पोवाडे गायले, तिथे त्यांनी कधी काही विकतच घेतलं नव्हतं. कारंज्याच्या कट्ट्यावर दोघांनी खरबूज खाल्लं. आठल्ये म्हणाले, पाणचट आहे. पाणचट मुळीच नव्हतं.

गणपती झाल्यावर मराठी मंडळात आठल्यांनी स्लाइड दाखवायचं ठरवलं. स्लाइड निवडल्या त्यांनी, यंत्र चालवायला वृंदाबाई. म्हातारीची स्लाइड त्या डब्यात नव्हती. ती आठल्यांच्या रुमालांच्या कप्प्यात होती, आणि तिथून वृंदाबाईंच्या पर्समध्ये आली होती. ती दाखवायचा त्यांचा काही विचार नव्हता. फक्त फेकू द्यायची नव्हती.

कार्यक्रम रंगला. वाडा झाला, मनोरा झाला. बाजाराशी येताच आठल्ये खुलले. म्हणाले, "आमची मंडळी तिथेही बेहालात असल्यासारखी खरबुजं दाबायला लागली. म्हातारीने हात धरला! मी मधे पडलो म्हणून निभावलं."

सगळे हसले. वृंदाबाईंच्या वर्गातल्या दोन मुली आयांबरोबर आल्या होत्या, त्याही हसल्या. उद्या याच मुलींसमोर वर्गात उभं राहायचं होतं. त्यांनी पर्स उघडली.

पडद्यावर भिंतभर आठल्ये आले. कंबरेत वाकलेले, खरबूज नाकाशी, तोंड उघडं, मनगट म्हातारीच्या मुठीत.

पहिल्या रांगेतल्या श्यामलाकाकू दिवेकर मंडळाच्या जुन्या चिटणीस, भाबड्या. चष्मा सारखा करून त्यांनी मागे वळून विचारलं, "अगं वृंदा, यात तू कुठे दिसत नाहीस ती?"

"फोटो मी काढतेय, काकू," वृंदाबाई म्हणाल्या.