लाकूड फुगलंय म्हणे

आज दुपारी आमच्या पडेगावच्या जुन्या घरात सासूबाई त्यांच्या खोलीत अडकल्या. सकाळी सहज लागलेलं दार उघडेचना.

गच्चीवर नवी फरशी बसवायचं काम चालू आहे. ठेकेदार म्हणाला, "लाकूड फुगलंय ताई, रंधा मारून देतो."

"एवढ्या उन्हात लाकूड फुगतंय व्हय?" मी चिडून वर बघितलं. चौकटीच्या वर भिंतीला नवी भेग पडली होती.

आतून सासूबाई म्हणाल्या, "वरून माती पडायलीय गं."

मी गच्चीवर पळाले. फरशीच्या सगळ्या पेट्या बरोबर त्यांच्या खोलीवर रचलेल्या.

पेट्या उतरवल्या, तसं दार आपोआप सुटलं.

ठेकेदार म्हणतो, "उघडलं ना ताई, मग झालं की."

काम चालू असताना तुमच्या घरात दार अडकलं, तर तुम्ही दाराकडं बघाल की वर?