आधी पाणी, मग खबर

आमच्या गल्लीत विमान चालवणारा एकच, माझा धाकटा भाऊ एबो एग्यीर. हवाई दलात कॅप्टन! मी आपली धुरी दिलेले मासे विकणारी बाई, पण आमच्या साल्टपाँड गावच्या बाजारात माझा तोरा काय विचारता!

बोलण्यात मात्र हा धोंडा. आमच्यात दारी आलेल्याला आधी पाणी देतात. तो बसून पितो, म्हणतो, "वाईट काही नाही." मग घरचे म्हणतात, "इकडेही क्षेम. वाट तुम्ही चाललात, बोला." खबर कसलीही असो, त्यानंतरच सांगायची. आमच्या बाबांची होडी हरवली तेव्हा एबोनंच विमानातून तीन दिवस समुद्र धुंडाळला. घरी आला, आईनं पाणी पुढे केलं, तर हा उभ्या उभ्या म्हणाला, "होडी सापडली. उलटी. माणूस कोणी नाही." आई वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. "मला खाली बसूसुद्धा दिलं नाहीस रे," एवढंच एकदा म्हणाली.

असल्या माणसाला सरकारनं पुढे परदेशातल्या आपल्या वकिलातीत धाडलं! मी पोट धरून हसले. पण तिथल्या खुर्च्यांनी त्याला वीस वर्षांत बसायला शिकवलं.

मग माझा मुलगा क्वामेना मासेमारी करताना हद्द ओलांडून गेला आणि शेजारच्या देशात तुरुंगात पडला. तिथल्या आपल्या वकिलातीत एबोच होता. सात महिने तो त्यांच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होता. फोनवर मला एकच, "ताई, धीर धर." धीर काय बाजारात मिळतो?

परवा दुपारी दारात गाडी थांबली. एबो एकटाच उतरला. आईनं पाणी दिलं. तो बसला, सावकाश प्यायला. "वाईट काही नाही," म्हणाला. अहो, ते तर सगळेच म्हणतात!

"मेल्या, माझं पोर आहे की गेलं, ते सांग!" मी ओरडले.

आईलाही राहवेना. "राहू दे रे रीत. सांगून टाक."

"नाही आई. त्या वेळी मी चुकलो. आज खबर चांगली आहे, आज तरी सगळं नीट करू दे. तू विचार."

मीही खाली बसले. आईचे ओठ हलले. "इकडेही क्षेम. वाट तू..."

गाडीचं दार धाडकन वाजलं. "मामा, अजून किती वेळ? भूक लागलीय मला!"

आई रडता रडता हसली. "तुझ्यावरच गेलाय," एबोला म्हणाली, आणि दुसरा पेला भरायला उठली.