संबळ, इको मशीन आणि अकरा मिनिटं

ऐंशीच्या दशकात जळगावच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवता शिकवता मला संगीतकार व्हायचा झटका आला. तोही साधासुधा नव्हे, प्रायोगिक. देवीच्या जागरणात वाजतं ते संबळ घ्यायचं, त्याला माईक लावायचा, आवाज इको मशीनमधून काढायचा आणि वरून प्रयोगशाळेतल्या ऑसिलेटरची शिट्टी सोडायची. रचना अकरा मिनिटांची. अकराच का, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तासभर बोललो असतो.

वाजवायला धुळ्याचे एक आबा मिळाले, पिढीजात संबळवाले. मी हात वर केला की थांबायचं, एवढीच माझी अट. "थांबसू ना सर," ते म्हणाले.

कार्यक्रम धुळ्यालाच होता. पुण्याहून एक समीक्षक यायचे होते. त्यांना पटलं तर पुण्याच्या महोत्सवाचं बोलावणं येणार होतं, आणि त्या बोलावण्यासाठी मी काहीही करायला तयार होतो. केलंही. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून सगळा गोतावळा एसटीत कोंबून आणला. अमळनेरची मावशी पहिल्या रांगेत बसवली.

आठव्या मिनिटाला मावशी घुमू लागली.

अंगात देवी आली की ती जाईपर्यंत संबळ थांबवायचं नाही, हा आबांच्या घरचा नियम. अकरा मिनिटं झाली तसा मी हात वर केला. मग दोन्ही केले. आबांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लोक चपला काढून मावशीपुढे आले. कुणी कुठून तरी कुंकू पैदा केलं, एका मास्तरांनी बदली कधी होईल ते विचारून घेतलं. समीक्षक वहीत भराभर लिहीत होते. शेवटी माझ्या बायकोनंही पदर पसरला. "आई, यांच्या या संगीताचं काही भलं होईल का?"

मावशीनं माझ्याकडे बोट केलं. "हाई मशीन बंद कर. माले संबळ ऐकू येस नही!"

देवीपुढे कुणाचं चालतं? केलं बंद. मग नुसतं संबळ घुमलं आणि खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. त्याचा मला भयंकर राग आला.

महिन्याभरात पुण्याचं पत्र आलं. माझ्या पत्त्यावर, पण आबांच्या नावानं. ते घेऊन मी धुळ्याला गेलो. आबांचा चष्मा फुटला होता, म्हणून वाचूनही मलाच दाखवावं लागलं. महोत्सवात तासभर संबळ वाजवायला या, असं त्यात होतं.

आबा खूश झाले. "तुमनं मशीन बी लई जावानं शे ना, सर?"

पत्रात मशीनचा उल्लेख नव्हता. माझाही नव्हता. मी म्हणालो, "मशीन बिघडलंय, आबा."

त्यांचा चेहरा पडला. अगदी मनापासून हळहळले ते.

"आरे देवा," म्हणाले, "आते तुमले करमी कसं?"