वहिनींची सही

जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी आजच्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसता गिचमिड काला दिसतो. तो निस्तरणारा प्रोग्रॅम मी आणि माझ्या मित्राने महाडला लिहिला, शाळा सुटल्यावर. दोघेही मास्तर. निम्मा त्याने, निम्मा मी. इंटरनेटवर टाकला, वर "घ्या, वापरा" एवढंच लिहिलं. परवाना जोडायला हवा, हे सुचलंच नाही. तोंडी बोललं की झालं, असली आमची जात! गेल्या वर्षी तो काविळीने गेला.

या उन्हाळ्यात विदर्भातल्या एका वाचनालयाचं पत्र आलं. जुन्या कार्यकर्त्यांनी सांगितलेल्या आठवणी त्यांच्याकडे त्या फॉन्टमध्ये अडकल्यात. मुक्त परवाना असेल तरच ते आमचा प्रोग्रॅम वापरणार. परवाना म्हणजे साधा मजकूर: कुणीही वापरा, बदला, वाटा, लिहिणाऱ्यांची नावं मात्र ठेवा. पण मित्राच्या निम्म्यावर आता त्याच्या बायकोचा हक्क. तिची संमती हवी.

साध्या कागदावर चाललं असतं. मी गाढव! काम पक्कं व्हावं म्हणून स्टॅम्पपेपरवर छापून घेतलं आणि पोलादपूरला त्याच्या घरी गेलो.

वहिनींनी चहा ठेवला होता. स्टॅम्पपेपर बघताच त्यांनी गॅस बंद केला.

"भावजी, तुमी पण?"

मी समजावू लागलो. लोकांना फुकट मिळेल, तुमचं काही जाणार नाही.

"दिरानं पण ह्येच सांगितलं. नुसती सही हाय, तुमचं काय जात नाय. हक्कसोड निघाली ती. शेत गेलं."

"वहिनी, यात त्याचं नाव कायम राहील."

"नाव सातबाऱ्यावर पण हुतं की वो."

मी कागद घडी करून खिशात घातला आणि एसटी धरली.

वाचनालयाला खरं ते कळवलं. त्यांचं उत्तर आलं: मग मित्राचा भाग काढून तुम्ही नव्याने लिहा, आणि त्याला परवाना जोडा. म्हणणं रास्तच होतं. त्या म्हाताऱ्यांच्या आठवणी का म्हणून कुजाव्यात?

म्हणून आता रोज संध्याकाळी बसतो. त्याने लिहिलेली एकेक फाईल पुसतो. प्रत्येकीच्या पहिल्या ओळीत त्याचं नाव आहे, आणि ते माझ्याच हाताने जातंय.